उचलता येणाऱ्या भिंती

चैत्र संपत आला की आमच्या कचेरीत कुणीतरी उठून पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवतं. पंखा आपल्या त्याच चालीनं फिरत राहतो, आणि मग सगळे एकदा साहेबांच्या केबिनकडे बघतात. केबिनला एसी आहे. दार उघडलं की गार हवेची एक पट्टी बाहेर येते आणि माझ्या टेबलापर्यंत पोचायच्या आत संपून जाते. इमारत तशी नवी आहे. खिडक्याही भरपूर आहेत, पण फायलींची कपाटं ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून ती खिडक्यांनाच लावलेली आहेत. माझ्या मागच्या कपाटाच्या आणि चौकटीच्या मध्ये बोटभर फट राहिली आहे. तिच्यातून दुपारी उजेडाची एक उभी रेघ आत येते, आणि या दिवसांत तिच्यासोबत कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा वास येतो. गोडसर, किंचित कडवट, उन्हानं भाजलेला.

तो वास आला की मला काही सुचत नाही. समोरचा कागद समोरच राहतो आणि मी दोन हजार एकच्या उन्हाळ्यात जाऊन बसते.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. गावात जिकडं तिकडं खोदकाम चालू होतं. जुन्या दगडी भिंती पाडून लोक स्लॅब टाकत होते. रस्त्याच्या कडेला वाळूचे ढीग, त्यांवर खेळणारी लेकरं, आणि दिवसभर घुमणारं काँक्रीट मिक्सर. मी तेव्हा एका लहानशा संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायची. औंढा तालुक्यातल्या गावांत बांधबंदिस्ती करायची, पाणी अडवायचं, बायकांचे गट बांधायचे, असं संस्थेचं काम होतं. शाळेतून निवृत्त झालेले आमचे सर ती चालवायचे. ऑफिस बाजारात, एका दुकानाच्या वर, भाड्याच्या दोन खोल्यांत. वर स्लॅब होता आणि त्याच्यावर सावली कशाचीच नव्हती. मार्चपासूनच तो तापायचा आणि रात्रीपर्यंत निवायचा नाही.

तिथं सुमन होती. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी, पण आम्ही एकमेकींना नावानंच हाक मारायचो. गावोगाव जाऊन बायकांच्या बैठका घ्यायच्या आणि आल्यावर अहवाल लिहायचा, हे तिचं काम. माहेर नरसीजवळच्या एका वस्तीवर. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन असलेलं घर. लग्न होऊन ती लातूरकडं गेली होती. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ती बाप आजारी म्हणून माहेरी आलेली होती. चार वर्षांची पोरगी आजीला सोडेना, म्हणून तिला तिकडंच ठेवून आली होती. नवरा, सासू आणि ती पोरगी, तिघंही घराच्या भिंतींखाली गेले. हातभर रुंदीच्या, दगड आणि मातीच्या भिंती.

हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही बैठकीहून परतताना जीपच्या मागच्या सीटवर, रस्त्याकडं बघत. म्हणाली, “इथं नुसत्या फळीवरच्या वाट्या वाजल्या. मी तर झोपेतच होते. भूकंप मी पाह्यलाच न्हाई, करुणा. मी नुसत्या भिंती पाह्यल्या.”

तेव्हापासून ती छताखाली झोपत नव्हती. माहेरी अंगणात खाट टाकायची. पावसाळ्यात मेंढरांच्या पत्र्याखाली, चारी बाजू उघड्या अशा जागी. ऑफिसात तिचं टेबल दाराला लागून होतं आणि तिच्या चपला नेहमी पायातच असायच्या. आम्ही सगळ्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं. दिवस जात होते.

मग त्या वर्षीच्या जानेवारीत गुजरातेत जमीन हादरली. खालच्या दुकानातल्या टीव्हीवर आम्ही ते बघितलं. मजल्यावर मजला चपात्यांसारखा बसलेला. सुमन माझ्या शेजारी उभी होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की दगडमातीनं मारलं. स्लॅबही मारतो हे तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला आली, पण जिना चढली नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर बसून मांडीवर पॅड घेऊन अहवाल लिहायला लागली. सरांना कुणीतरी सांगितलं. ते खाली आले, तिच्याकडं बघितलं, आणि वर जाऊन तिच्यासाठी एक खुर्ची खाली पाठवली. दुकानदार दोन दिवस गप्प बसला, तिसऱ्या दिवशी कुरकुरला.

माझा भाऊ, दादा, नेमका तेव्हा पुण्याहून परत आला होता. आमच्या वस्तीतला तो पहिला आर्किटेक्ट. जिल्हा झाला म्हणजे बांधकामं निघणार, आपल्या गावात आपण काही वेगळं करू, या आशेनं नोकरी सोडून आला होता. घराच्या पुढच्या खोलीत त्यानं पाटी लावली होती. लोक यायचे, खुर्चीवर बसायचे आणि सांगायचे की नगरपालिकेचा नकाशा काढून द्या, बाकी मिस्त्री बघून घेतो. दादा त्यांना वारा कुठून येतो, ऊन कुठल्या बाजूनं चढतं, असं काही विचारायला लागला की ते घड्याळ बघायचे.

सरांकडं औंढ्याच्या रस्त्याला संस्थेचा एक माळाचा तुकडा होता. मुरूम, दगड, तीन कडुनिंब आणि एक जुनी विहीर. सरांनी दादाला बोलावून सांगितलं, तिथं ऑफिस बांधू या, पण असं बांध की सुमनला बसता आलं पाहिजे. दादानं मग प्रत्येकाला गाठून विचारलं, तुम्हाला काय हवं. कुणी पंखा म्हणालं, कुणी कपाट, कुणी बायकांसाठी वेगळा संडास. मी कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणाले. सुमनला त्यानं सगळ्यात शेवटी विचारलं. ती बराच वेळ पायरीकडं बघत राहिली, मग म्हणाली, “उठून जाता आलं पाह्यजे. कुठूनबी.”

एवढंच. दादानं घरी येऊन जेवणही धड केलं नाही. टेबलावर कागद पसरून बसला. त्याचा तो चेहरा मी नंतर फार कमी वेळा बघितला.

त्यानं जे काढलं त्यात वजन पेलणारी एकही भिंत नव्हती. नीलगिरीचे खांब, जमिनीत घट्ट रोवलेले, एकमेकांना तिरप्या दांड्यांनी बांधलेले. त्यांच्यावर हलके पत्रे. पत्र्यांच्या वर तुराट्यांचा जाड थर, खाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं छत, म्हणजे ऊन वरच अडेल. खाली सगळीकडून गुडघ्याएवढा दगडी कट्टा, बसायलाही आणि ओलांडायलाही. आणि कट्ट्याच्या वर भिंतींच्या जागी तट्टे, वरच्या बाजूला कोयंडे लावलेले. खालून ढकललं की वर उचलले जायचे आणि काठी लावली की छपरासारखे पुढं यायचे. हातानं ढकलता येणारी भिंत. मधला कडुनिंब तसाच ठेवून छप्पर त्याच्या भोवतीनं फिरवलेलं. पक्की खोली एकच, माझ्या कॉम्प्युटरची. टेबलं इतकी हलकी की दोन बायकांनी सहज उचलावीत.

बुरूडगल्लीतून तट्टे आले, तुराट्या शेजारच्या वावरांतून. आणि घरात भांडण सुरू झालं.

आमचे बाबा तरुणपणी सिद्धेश्वरच्या धरणावर मजुरीला होते. सिमेंट हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे, आणि देव तर ते मानत नव्हते. आमच्या वस्तीत स्लॅबचं पहिलं घर त्यांचं. एके दिवशी ते रस्त्यावरून जाताना थांबले, खांबांवर तट्टे चढताना त्यांनी बघितलं आणि संध्याकाळी दादा घरात शिरल्याबरोबर बोलले. “माझ्या बापाचा जन्म कुडात गेला. मी शिमिटाच्या गोण्या वाह्यल्या, लेकरायच्या डोक्यावर स्लॅब यावा म्हणून. आन तू इतकं शिकून पुन्हा कूडच घेऊन आला?”

दादा म्हणाला, बाबा, हे कूड नाही. बाबा म्हणाले, लोकायला विचार. नंतर पुष्कळ दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच खोलीत बसून दोघंही आईशी बोलायचे.

मला तेव्हा बाबांचा राग आला होता. आता तो येत नाही. दादा पुण्याहून जी मासिकं आणायचा, त्यांत मातीच्या घरांचे रंगीत फोटो असायचे. दारात पितळेची घंगाळं, मागं बाग. ज्यांच्या आजोबांचे चिरेबंदी वाडे होते त्यांनी मातीत राहायला जावं, त्याला लोक आवड म्हणतात. आम्ही तेच केलं तर लोक म्हणणार की यांची जागा हीच. हे दादाला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला वाटायचं की चांगली गोष्ट चांगलीच असते, कुणीही बांधली तरी. इतक्या साध्या समजुतीनं तो इतका शिकला कसा, याचं मला अजून नवल वाटतं.

चैत्राच्या शेवटी आम्ही नव्या जागेत गेलो. कडुनिंब फुलले होते. फुलोरा इतका झडायचा की सकाळी टेबलं झाडल्याशिवाय कागद ठेवता यायचा नाही. वाऱ्यानं कागद उडायचे म्हणून प्रत्येकानं विहिरीकडचा एकेक गोटा आणून ठेवला होता. सकाळी सगळे पूर्वेच्या अंगाला बसायचे. ऊन चढलं की टेबलं उचलून मधल्या झाडाजवळ, आणि दुपार कलली की उत्तरेला. पश्चिमेचे तट्टे खाली सोडून त्यांवर ओलं बारदान टाकलेलं असायचं. त्यातून येणाऱ्या झळा गार होऊन यायच्या, मातीच्या आणि तागाच्या वासाच्या. खारी टेबलाखालून पळायच्या. गावांहून आलेल्या बायका कट्ट्यावर पाय सोडून बसायच्या आणि बाजारातल्या ऑफिसात तोंडातून शब्द न काढणाऱ्या त्याच बायका इथं सरांशी वाद घालायच्या. वर बघितलं की पानं, समोर बघितलं की दूरवर औंढ्याच्या बाजूचे डोंगर उन्हात थरथरताना दिसायचे. एवढ्या त्या भट्टीसारख्या वैशाखात आम्ही दिवसभर काम करायचो आणि संध्याकाळी घरी जायला नको वाटायचं.

रस्त्यावरून जाणारे मात्र थांबून हसायचे. तपासणीला आलेल्या एका पाहुण्यानं गाडीतून उतरताना विचारलं होतं, ऑफिस कुठं आहे. त्याला वाटलं हा गोठा असेल.

सुमन पहिल्या दिवशी छपराच्या बाहेर, कडेच्या झाडाखाली बसली. कुणीच काही म्हटलं नाही, सरांनी तशी ताकीदच दिली होती. सावली सरकली की तिचं टेबल सरकायचं. मग ऊन वाढत गेलं, बाहेरची सावली विरळ होत गेली, आणि तिचं टेबल रोज थोडं थोडं आत येत गेलं. आधी पुढचे दोन पाय छपराखाली, मग चारही. एका दुपारी वावटळ उठली. दादा तिथंच होता, त्यानं पळत जाऊन पश्चिमेचे सगळे तट्टे खाली सोडले. आत एकदम अंधारल्यासारखं झालं. सुमन लिहिता लिहिता थांबली. मी माझ्या खोलीच्या दारातून बघत होते. तिनं हात लांब केला, शेजारचा तट्ट्या तळव्यानं बाहेर ढकलला. तो उचलला गेला, उजेड आत आला. तिनं हात काढला, तट्ट्या खाली आला. तिनं पुन्हा एकदा करून बघितलं. मग पेन उचललं आणि लिहायला लागली. दादानं तोंड फिरवून घेतलं होतं.

तो जवळपास रोज यायचा. कधी कोयंडा बघायला, कधी खांबाला वाळवी लागली का बघायला. सुमन ऑफिसातल्या सगळ्या पुरुषांना भाऊ म्हणायची. सरांनाही कधीकधी चुकून भाऊ म्हणायची. दादाला मात्र ती कशानंच हाक मारायची नाही. काही सांगायचं असलं की तो जवळ येईपर्यंत थांबायची.

आणि एक दुपार. जेवणं झाली होती, वारा पडला होता, होले घुमत होते. मी बाहेर आले तर सुमन टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. छताखाली अगदी मधोमध, झाडाच्या बुंध्याजवळ. चपला पायातून निसटून बाजूला पडल्या होत्या. मी जाऊन कॉम्प्युटर बंद केला, कारण त्याची घरघर ऐकू येत होती. सर कट्ट्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटायचं थांबवलं. तेवढ्यात फाटकातून दादाची मोटारसायकल आली. त्यानं लांबूनच बघितलं, इंजिन बंद केलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग गाडी वळवली आणि सुरू न करता ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेला. भर उन्हात. तिची झोप होईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. जागी झाल्यावर तिनं आधी वर बघितलं, मग आमच्याकडं. चपला मात्र तिनं लगेच घातल्या नाहीत.

त्याच महिन्यात बाबा एकदा आले. दादा नाही अशी वेळ बघून, सायकलवर. सगळीकडून फिरून बघितलं, खांबाला हात लावला, तिरप्या दांड्या ओढून बघितल्या. सुमननं माठातलं पाणी आणून दिलं ते प्यायले. कट्ट्यावर बराच वेळ बसले. जाताना मला म्हणाले, “गार हाय. पण लांबून दिसत न्हाई. आपल्या लोकायचं काम लांबून दिसलं पाह्यजे.” दादाला त्यांनी हे सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण यातलं नेमकं काय सांगावं ते मला कळलं नव्हतं.

मे संपत आला तेव्हा एका संध्याकाळी वादळ आलं. दिवसभर कोंडलेलं होतं. डोंगरांकडून आधी धुळीची एक भिंत उठली, मग वारा. पत्रे खडखडायला लागले आणि सर ओरडले, बाहेर. आम्ही जिथं होतो तिथून उठलो. कट्टा ओलांडायचा, तट्ट्या ढकलायचा, की बाहेर. डोळ्याचं पातं लवायच्या आत ऑफिस रिकामं झालं. सगळे विहिरीकडच्या उघड्या माळावर जाऊन दबकून बसलो. सुमननं माझा हात धरला होता. आमच्या डोळ्यांदेखत पश्चिमेचे पत्रे सुटले आणि शेजारच्या रिकाम्या हळदीच्या वावरात जाऊन पडले. तट्टे पतंगांसारखे गेले. मग पाऊस आला, गारांसकट, आणि थोड्या वेळात सगळं थांबलं.

खांब उभे होते. झाड उभं होतं. सुमन उठली, एकेकाजवळ जाऊन बघितलं, सरांच्या डोक्याला हात लावून बघितला. भिजलेली, अंगभर चिखल. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “पडलं, करुणा. पडलं, आन कुणीच न्हाई मेलं.” आणि हसायला लागली. ते हसणं थांबेना. मग ते हसणं राहिलं नाही, आणि मी तिला धरून खाली बसवलं.

मला वाटतं दादाच्या उभ्या आयुष्यात त्याच्या कामाला याहून मोठी पावती मिळाली नाही. पण ती आम्ही चार माणसांनीच ऐकली. गावानं ऐकलं ते एवढंच की इंजिनिअरनं बांधलेलं ऑफिस पहिल्याच वादळात उडालं. बाजारात लोक एकमेकांना सांगायचे आणि दादा समोरून आला की गप्प व्हायचे. संस्थेच्या मंडळाची बैठक झाली. पुढच्या वर्षी स्लॅबचं बांधायचं असं ठरलं. सर एकटे विरोधात होते.

दादानं डागडुजी स्वतःच करायला घेतली. पत्रे परत आणले, या वेळी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावून बसवले. नवे तट्टे बांधायला सुमन त्याच्या मदतीला असायची. एक जण आतून, एक जण बाहेरून. दोरी एकानं तट्ट्यातून ढकलायची, दुसऱ्यानं ओढून परत द्यायची. मधे तट्ट्या, दोघांना एकमेकांचा चेहराही धड दिसत नसेल. दोघं फारसं बोलतही नव्हते. तरी रस्त्यावरून जाणाऱ्यांना त्यात जे दिसायचं ते दिसलं. आमच्या समाजाचा मुलगा आणि त्यांच्या समाजाची विधवा पोरगी. हिंगोलीसारख्या गावात ही गोष्ट नरसीपर्यंत पोचायला एक बाजार पुरतो.

तिचा मोठा भाऊ आला. आवाज चढवला नाही, काही वावगं बोलला नाही. मी त्याला पाणी दिलं. त्यानं पेला हातात घेतला, बोलणं होईपर्यंत तसाच धरून ठेवला आणि जाताना भरलेलाच टेबलावर ठेवला. सरांना एवढंच म्हणाला, “आता आमची बहीण येनार न्हाई. घरी काम पुष्कळ हाय.” सरांनी त्याला समजवायचा प्रयत्न केला. तिची नोकरी, तिची तब्येत, इथं तिला मिळालेली उभारी, सगळं सांगितलं. तो मान डोलावत ऐकत होता, बराबर आहे म्हणत होता, आणि उठला. दादा तेव्हा छपरावर होता, पट्ट्या ठोकत. भाऊ बोलायला लागला तेव्हा वरचा हातोड्याचा आवाज थांबला होता. तो फाटकाबाहेर गेल्यावर बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला. संध्याकाळपर्यंत दादा खाली उतरला नाही.

सुमन त्या दिवशी आलीच नव्हती. नंतरही आली नाही. मी एकदा तिच्या वस्तीवर गेले. तिच्या आईनं चहा दिला, सुमन बाहेर गेली आहे म्हणून सांगितलं. घराचं मधलं दार बंद होतं. मी चहा प्याले आणि परत आले.

मृगाचा पाऊस आला. दादानं दुरुस्त केलेलं छप्पर एका थेंबालाही गळलं नाही. तट्ट्यांवर पाऊस वाजायचा, मधल्या झाडाच्या खोडावरून पाण्याची धार उतरून त्याच्या आळ्यात जायची. आम्ही काम करायचो. दिवाळीच्या आधी दादा पुण्याला परत गेला. पाटी बाबांनी काढली, पुसली आणि कपाटावर ठेवून दिली. पुढं स्लॅबचं ऑफिस झालं, खांबांचं ते छप्पर गाड्या लावायला राहिलं. तुराट्या कुजल्या, तट्टे वाळवीनं खाल्ले. सर गेले, संस्थाही बंद पडली. मला सरकारी नोकरी लागली आणि मी या कपाटं लावलेल्या खिडक्यांत येऊन बसले.

गेल्या वर्षी शिवरात्रीच्या दिवसांत कामासाठी औंढ्याला गेले होते. गर्दीतून वाट काढत स्टँडवर आले तर बाकावर सुमन. शेजारी सहा-सात वर्षांचं एक पोरगं, हातात पेढ्यांची पुडी. मी ओळखायच्या आधी तिनंच हाक मारली. तिचं दुसरं लग्न झाल्याचं मी ऐकून होते. नांदेडला एका बिजवराशी, कुठल्याशा ऑफिसात क्लार्क असलेल्या. माणूस वाईट नाही, ती म्हणाली. घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा पाण्याची बाटली आणायला गेला होता, म्हणून आम्हाला बोलायला सापडलं.

ती म्हणाली, घरचे सगळे बरे आहेत ना. मी म्हटलं, बाबा गेले. तिनं डोळे मिटून घेतले. मग विचारलं, आणि बाकीचे. मी म्हटलं, बाकीचे बरे आहेत. यापुढं ती गेली नाही आणि मीही नाही.

मी विचारलं, झोप लागते का आता घरात. ती म्हणाली, लागते, दार लावून झोपते, सगळ्यांसारखी. मला बरं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे भीती गेली. तिनं पोराच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. “न्हाई,” ती म्हणाली. “सांगणं सोडलं.”

नवरा आला. त्यांची गाडी लागली होती.

घरी आल्यावर संध्याकाळी मी दादाला फोन केला. पुण्यात तो एका मोठ्या कंपनीत आहे. काचेची उंच ऑफिसं बांधतात ते लोक. ज्यांच्या खिडक्या उघडत नाहीत अशी. त्यानं लग्न केलं नाही. आईची तब्येत, घरपट्टी, असं आमचं नेहमीचं बोलणं झालं आणि मग मी म्हटलं, औंढ्याला सुमन भेटली होती.

मग त्यानं विचारलं, कशी आहे.

“बरी आहे,” मी म्हटलं. “मुलगा आहे एक. घरातच झोपते आता, तिसऱ्या मजल्यावर. दार लावून.”

आणि मग त्याचा आवाज आला, त्या उन्हाळ्यानंतर मी कधी ऐकला नव्हता असा, हलका.

“म्हणजे आपलं जमलं होतं, करुणा.”

“हो दादा,” मी म्हटलं. “जमलं होतं.”